कोपऱ्यातलं सातवं पिंप

आन्सेल्म बुव्रेने तळघराची किल्ली व्याह्याच्या हातात ठेवली, ही बातमी वोझेल गावात दुपारच्या जेवणाआधीच घरोघर पोहोचली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो तालुक्याच्या दवाखान्यात निघाला होता. गाडी सुरू होती, त्याची बायको ओदिल मांडीवर पिशवी घेऊन आत बसली होती, आणि हा गडी काठी टेकत पुन्हा फाटकापाशी आला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ही किल्ली त्याने बायकोलासुद्धा दिली नव्हती. ओदिलला खालून चार बटाटे हवे असले तरी तो स्वतः उतरायचा आणि मोजून चार आणायचा.

"व्याहीबुवा," आन्सेल्म म्हणाला, "कोंबड्यांना दाणे टाका, मांजराला घरात घेऊ नका, आणि तळघरात कोपऱ्यात एक पिंप आहे, त्याला तेवढा हात लावू नका."

व्याही बार्नाबे म्हणाला, नाही लावणार. आन्सेल्म गाडीत बसला, काच खाली केली आणि कोपऱ्यातल्या पिंपाची पुन्हा आठवण दिली. गाडी वळणापर्यंत जाऊन थांबली, खिडकीतून हात बाहेर आला आणि तिसऱ्यांदा तेच ओरडून सांगून झालं. आता तुम्हीच सांगा, माणसाला तीन-तीनदा बजावलं की अमक्या कोपऱ्यात बघू नको, तर त्याची मान वळणार कुठे? पण आन्सेल्मला एवढी समज कुठली, असं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं.

बार्नाबे मारेशाल फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातला. तिथून आमच्या ज्युराला यायला गाडीने दीड तास पुरतो, पण वाइनच्या बाबतीत मध्ये समुद्र आहे. बर्गंडीत पिंप काठोकाठ भरलेलं असावं लागतं. लाकूड वाइन पितं, हवा वाइन पिते, म्हणून दर आठवड्याला बूच काढायचं, घटली असेल तेवढी वाइन ओतायची आणि बूच ठोकून बसवायचं. बार्नाबेच्या बापाने दोन बोटं रिकाम्या राहिलेल्या एका पिंपावरून त्याच्या कानाखाली अशी काढली होती की तो कान थंडीत अजून ठणकतो. साठ वर्षं झाली, पिंप दिसलं की बार्नाबेचे हात शिवशिवतात.

आमच्याकडे सगळं उलटं. आमची पिवळी वाइन करायची तर पिंप भरताना वर थोडी जागा सोडायची आणि मग सहा वर्षं तीन महिने त्यात थेंबभरही घालायचं नाही. वाइन आटत जाते, दुधावर धरावी तशी तिच्यावर साय धरते, आणि त्या सायीखाली ती हळूहळू पिवळी होते, अक्रोडासारखी लागायला लागते. त्या सायीला आम्ही पडदा म्हणतो. चव बघायची तर खालच्या तोटीतून, वरचं बूच काढायचं नाही. पडदा फाटला की खेळ खलास. बार्नाबेला हे सगळं पाठ होतं. "आळसाला नाव मात्र झकास दिलंत तुम्ही लोकांनी," एवढंच तो म्हणायचा.

आणि हे म्हणायचा कुणाला, तर आन्सेल्मला. आन्सेल्म म्हणजे आमच्या पडदा-मंडळाचा तीस वर्षं अध्यक्ष. मंडळाचं काम असं की गळ्यात पिवळा पट्टा घालून दुसऱ्याच्या तळघरात जायचं, तोटीतून घोटभर घ्यायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. मान उभी हलली तर ते घर वर्षभर ऐटीत. आडवी हलली तर संपलंच. गेल्या वर्षी रेजिसचं एक पिंप आंबून त्याचं व्हिनेगर झालं, तेव्हा आन्सेल्म भर सभेत म्हणाला होता, "पिंप आंबत नसतं, आधी मालक आंबतो." बिचारा रेजिस तीन महिने पावाच्या दुकानात बायकोला पाठवत होता.

दर शनिवारी आन्सेल्म पर्यटकांचा वर्गही घ्यायचा. वाइन कशी समजून घ्यावी, वेलीपासून पेल्यापर्यंत. पिवळी वाइन पाहुण्यांना द्यायची तर आदल्या दिवशी उघडून ठेवावी, एक दिवस वारं लागल्याशिवाय ती बोलत नाही, हे त्याचं पहिलं सूत्र. तिला फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याला फ्रिजमध्ये ठेवावं, हे दुसरं. पर्यटक दोन्ही लिहून घ्यायचे.

या दोघांना व्याही केलं ते पोरांनी. बार्नाबेचा तिबो आणि आन्सेल्मची सोलांज यांचं लग्न झालं, तिबो बापाची द्राक्षं सोडून सासऱ्याच्या गावात राहायला आला, आणि साडेसहा वर्षांनी, या मार्चमध्ये, त्यांना अपोलीन झाली. बार्नाबेची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. त्याच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर आता वर्तमानपत्रं साचतात. नातीने पहिल्यांदा त्याचं बोट मुठीत धरलं तेव्हा हा माणूस अर्धा तास जागचा हलला नव्हता, बोट सोडवायला लागू नये म्हणून. तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून दर रविवारी गाडी वोझेलकडे वळायची.

पण ईस्टरच्या जेवणाला घोळ झाला. ओदिलने पिवळ्या वाइनमधली कोंबडी केली होती. बार्नाबे म्हणाला, छान, ही वाइन कोंबडीत घालायलाच बरी. आन्सेल्म म्हणाला, तुमची तर कोंबडीसुद्धा पिणार नाही. मग दोघांनी एकमेकांच्या आजोबांपर्यंत मजल मारली आणि पोर जागी झाली. सोलांजने बापाला झापलं ते सगळ्यांसमोर, पण सासऱ्याला बाजूला अंगणात नेलं. ती शांतपणे बोलत होती, ते जास्त वाईट होतं.

"बाबा, आमच्या पिंपांबद्दल पुन्हा एक शब्द काढलात किंवा एक बोट लावलंत, तर अपोलीनला फोटोत बघायची सवय करून घ्या."

बार्नाबे त्या दिवशी गाडी चालवत घरी गेला तो रेडिओ न लावता. म्हणूनच मेच्या अखेरीस आन्सेल्मने स्वतः फोन करून विचारलं, की दहा दिवस घर सांभाळाल का, ओदिल माझ्याबरोबर दवाखान्यात असेल आणि पोरं द्राक्षबागेत गुंतलेली आहेत, तेव्हा त्याला वाटलं देव पावला. तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. गाडीत स्वतःच्या पांढऱ्या वाइनच्या साठ बाटल्या होत्या, त्याच्या सगळ्यात चांगल्या उतारावरच्या. जूनमध्ये अपोलीनचा बाप्तिस्मा होता आणि प्रत्येक बाटलीवर तिचं नाव छापून घेतलं होतं.

पहिले तीन दिवस बार्नाबे संतासारखा वागला. कोंबड्यांना दाणे, मांजराला हाकलणं, दुपारी अपोलीनची गाडी चिंचोळ्या रस्त्यावरून चर्चपर्यंत ढकलत नेणं. तळघरात जायचा, पण नुसता बघायला. ओळीत सहा पिंपं होती, प्रत्येकावर खडूने फुली, म्हणजे पिवळी वाइन. त्यांच्यासमोरून तो दारू प्यालेल्या नातेवाइकासमोरून जावं तसा नजर चुकवून जायचा. सातवं कोपऱ्यात. त्याच्यावर फुली नव्हती, खूण नव्हती, नुसती धूळ. तिसऱ्या दिवशी जाता जाता त्याच्या बोटांनी आपोआप त्यावर टकटक केली. आवाज पोकळ आला. थोडं खाली वाजवून पाहिलं, तरीही पोकळ. जवळजवळ पाव पिंप रिकामं.

मग बार्नाबेला आन्सेल्मची दया आली. एकदा का माणसाला दुसऱ्याची दया आली की त्याला कुणी थांबवू शकत नाही. त्याने असा हिशेब मांडला: हे काही पिवळीचं पिंप नाही, नाहीतर फुली असती. साधी पांढरी आहे. वर्षभर गुडघा दुखतोय, म्हातारा खाली उतरला नसेल, पिंप विसरला असेल, आणि आता लाज वाटते म्हणून हात लावू नका म्हणतोय. आपण गुपचूप भरून टाकू. कुणाला कळणार नाही, व्याह्याची अब्रू वाचेल, आणि मुख्य म्हणजे आपण तसं कधी बोलूनही दाखवणार नाही. हे शेवटचं त्याला फारच आवडलं.

शनिवारी सकाळी त्याने बूच काढलं आणि नाक खाली नेलं. वास असा चढला की डोळ्यात पाणी आलं. हाच वास बर्गंडीतल्या पिंपाला आला असता तर त्याने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं असतं की व्हिनेगर झालं. पण हे पिंप ज्युरातलं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "यांची वाइन अशीच." मग भरायचं ठरवलं, पण भरायचं कशाने? घरात सुटी पांढरी वाइन नव्हती. गाडीत साठ बाटल्या होत्या. दहा बाटल्यांनी भागेल असं त्याला वाटलं होतं. वीस झाल्या, तीस झाल्या, आणि अर्धवट भरलेलं पिंप सोडून देणं त्या ठणकणाऱ्या कानाला परवडणारं नव्हतं. साठावी बाटली ओतली तेव्हा वाइन बुचाला टेकली. त्याने बूच ठोकलं आणि पिंपावर प्रेमाने थाप मारली.

आता साठ रिकाम्या बाटल्यांचं काय करायचं? व्याह्याच्या घरी ठेवल्या तर भांडं फुटणार. आमच्या गावात काचेचा मोठा डबा चर्चच्या समोर आहे, पावाच्या दुकानाला लागून, आणि शनिवारी साडेअकराला त्या दुकानापुढे सगळं गाव रांगेत असतं. बार्नाबेने गाडी लावली आणि एकेक बाटली आत सोडायला सुरुवात केली. प्रत्येक बाटली खाली जाऊन फुटायची आणि रांगेतली माणसं एक पाऊल पुढे सरकायचं विसरायची. रांगेतल्या मादाम पिकोने अठ्ठावन्न मोजल्या. मध्ये ट्रॅक्टर गेला, त्यात दोन हुकल्या.

दुपारपर्यंत गावाचं गणित तयार होतं. चार दिवस, साठ बाटल्या, म्हणजे दिवसाला पंधरा. कुणी म्हणालं, बायको गेल्यापासून असंच असेल हो. कुणी म्हणालं, तरी चालतो किती सरळ. संध्याकाळी सोलांज अपोलीनला घेऊन आली ती फाटकाच्या बाहेरच उभी राहिली. तब्येत कशी आहे, नीट जेवता ना, एकटं वाटतं का, असं फार गोड विचारत होती. बार्नाबेने हात पुढे केले तर ती म्हणाली, आज नको, तिला झोप आलीय. पोर टक्क जागी होती. बार्नाबे फाटक धरून बराच वेळ तिथेच उभा राहिला, आपलं काय चुकलं हे त्याला कळेना.

रविवारी त्याला वेगळीच चूक कळली. ओदिलचा दवाखान्यातून फोन आला. शस्त्रक्रिया छान झाली होती.

"यांना गुडघ्याचं काही नाही हो," ओदिल म्हणाली. "एकच विचारतायत, अपोलीनचं पिंप ठीक आहे ना म्हणून."

"अपोलीनचं कुठलं पिंप?"

"कोपऱ्यातलं. पोरांच्या लग्नाच्या सुगीत भरलेलं. त्याच्यावर खूण कशाला करायची म्हणतात, माझ्या काळजावर आहे. बाप्तिस्म्याला सगळ्या गावासमोर उघडायचंय ना ते. मार्चमध्येच जाहीर केलंय."

बार्नाबे म्हणाला, ठीक आहे, अगदी आहे तसं आहे. फोन ठेवला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. सहा वर्षांचा पडदा, नातीच्या नावाची वाइन, आणि त्यावर आपण सकाळभर बसून नळ सोडल्यासारखी बर्गंडी ओतली. आता आन्सेल्म काय करेल याची त्याला फारशी फिकीर नव्हती. सोलांजचं अंगणातलं वाक्य मात्र त्याच्या कानात घुमायला लागलं, आणि तेही त्याच ठणकणाऱ्या कानात.

त्याने ठरवलं, ओतलं ते काढू. खालची तोटी सोडली. बाटल्या तर डब्यात फुटल्या होत्या, म्हणून कोंबड्यांची बादली लावली, मग सूपचं पातेलं, मुरांब्याची कढई, शेवटी अपोलीनच्या अंघोळीसाठी आणून ठेवलेलं पत्र्याचं घंगाळं. पंचेचाळीस लिटर निघाली. पण त्यातली बर्गंडी किती आणि ज्युरा किती, हे कोण सांगणार? दुधात पाणी ओतता येतं, परत काढता येतं का? दिवा धरून बुचातून आत पाहिलं. साय नव्हती. काळं पाणी आणि त्यात स्वतःचा चेहरा.

तरी माणूस हुशार. त्याला आठवलं की पडदा दुसऱ्या पिंपातून आणून लावता येतो, दह्याला शेजारून विरजण आणावं तसा. ओळीतल्या सहा पिंपांना हात लावायची आता त्याची छाती नव्हती. म्हणून तो सूपचा चमचा रुमालात गुंडाळून मादाम पिकोच्या दारात उभा राहिला, आणि सगळं खरं सांगितलं. मादाम पिकोला आधी वाईट वाटलं, कारण पंधरा बाटल्यांची गोष्ट तिने चार घरी सांगितली होती. मग ती म्हणाली की पडदा म्हणजे घराण्याचं रक्त असतं, तो असा चमच्याने देत नसतात, पण अपोलीनसाठी म्हणून देते, कुणाला सांगू नका. एका चमच्याने काय होणार म्हणून बार्नाबे रेजिसकडे गेला. रेजिसने सगळं ऐकलं, खुर्चीवर बसला, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग दोन चमचे दिले. वर म्हणाला, कुणाला सांगू नका. तिसरं घर आमचं. आम्हीही दिला एक चमचा, आणि आम्हीही तेच सांगितलं.

मंगळवारपर्यंत वोझेलमध्ये असं एक घर उरलं नाही ज्याचा चमचाभर पडदा त्या पिंपात नव्हता. दिलेला चमचा नांदतोय का हे बघायला लोक येऊ लागले. एक म्हणे खिडकी उघडा, दुसरा म्हणे लावा, तिसरा म्हणे पिंपाजवळ बर्गंडीच्या उच्चारात बोलू नका. पडदा काही धरेना. आणि वास तर असा यायचा की मांजर स्वतःहून घराबाहेर राहायला लागलं. आम्ही प्रत्येकाने तो वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि एकच निदान केलं, की बर्गंडीची वाइन घातल्यावर दुसरं काय होणार. तीस-तीस वर्षं पिंपं राखणारी माणसं आम्ही, पण आमच्यातल्या एकालाही दुसरं काही सुचलं नाही. आन्सेल्मला किंवा सोलांजला मात्र कुणी बोललं नाही, सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. सांगायचं तर स्वतःच्या चमच्याबद्दलही सांगावं लागलं असतं.

आन्सेल्म कुबड्या घेऊन परतला. पहिल्या दिवशी तो तळघरात धावेल म्हणून बार्नाबे जिन्यापाशी जीव मुठीत धरून उभा होता. पण आन्सेल्म म्हणाला, डॉक्टरांनी जिने बंद केलेत, बाप्तिस्म्याच्या दिवशीच उतरू. बार्नाबेने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा न्याहरीला म्हणाला, व्याहीबुवा, त्या पिंपाचं जरा बोलायचं होतं. आन्सेल्मने लोणी त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, पिंपाचं बोलणं पिंपासमोर. दुसऱ्यांदा अंगणात गाठलं, तर आन्सेल्मला नेमका गुडघा दुखायला लागला. इतका समजूतदार आणि हसतमुख आन्सेल्म आम्ही कधी पाहिला नव्हता. भूल अजून उतरली नसेल, असं रेजिस म्हणाला.

बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. चर्चमधलं उरकून सगळं गाव बुव्रेंच्या अंगणात जमलं. लांब टेबलं, कोंते चीजचं अख्खं चाक, अक्रोड, डुकराचं भाजलेलं मांस. अपोलीन आजीच्या पांढऱ्या झग्यात. आन्सेल्मने गळ्यात पिवळा पट्टा घातला, तिबोला खाली पाठवलं, आणि तिबो काचेचा जग भरून घेऊन आला. तिबोचं नाक वाकडं झालं होतं. साठ-सत्तर माणसं एकाच वेळी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली.

आन्सेल्मने पेला भरला, उजेडात धरला, फिरवला, आणि नाकाशी नेला. डोळे मिटले. मान हळूहळू आडवी हलली. मग त्याने डोळे उघडले आणि ओठ न भिजवताच पेला टेबलावर ठेवला.

"या पिंपाला कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला.

बार्नाबे उभा राहिला. पळून जायला जागा होती, फाटक उघडंच होतं, पण तो उभा राहिला. "मी भरलं ते," तो म्हणाला. "साठ बाटल्या ओतल्या. अपोलीनसाठी आणलेल्या. मला वाटलं तुम्ही विसरलात. सोलांज, तू सांगितलं होतंस, तरी मी बोट लावलं. आता तू म्हणशील ते खरं."

सोलांज पांढरी पडली, मग लाल झाली, मग काहीतरी आठवून मध्येच थांबली. "म्हणजे त्या साठ बाटल्या तुम्ही प्यायला नाहीत?"

"एक थेंब नाही," बार्नाबे म्हणाला. "तेवढीच एक चूक केली असती तर बरं झालं असतं."

सोलांजने पुढे काही बोलायच्या आत आन्सेल्मने कुबडी उचलली. त्याचा आवाज भरून आला होता. तो म्हणाला, पोरी, एक शब्द बोलू नकोस. सहा वर्षं या पिंपाला मी जिवापाड जपलं. पण वाइन काय, पुन्हा होते. व्याही पुन्हा मिळत नाही. आज माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याला मी माझ्या व्याह्याला माफ करतो. शिक्षा मात्र देतो. या सुगीला अपोलीनच्या नावाचं नवं पिंप भरायचं, दोघांनी मिळून द्राक्षं खुडायची, आणि सहा वर्षं तीन महिने, दर महिन्याला बार्नाबेने इथे येऊन चार दिवस राहायचं आणि त्या पिंपाला हात न लावता नुसतं बसायला शिकायचं.

गावाने टाळ्या वाजवल्या. मादाम पिको रडली. रेजिससुद्धा म्हणाला की काही म्हणा, माणूस मोठ्या मनाचा आहे. सोलांजने अपोलीनला सासऱ्याच्या हातात दिलं. अपोलीनने त्याचं बोट शोधलं आणि धरलं. बार्नाबेला रडू आवरेना. सहा वर्षं तीन महिने, तो मनात म्हणत होता, तोवर पोर शाळेत जाईल.

"वाइन नाही म्हणून कुणी तहानलेलं जायचं नाही," आन्सेल्म म्हणाला, आणि ओदिलने स्वयंपाकघराच्या दारामागून टोपल्या बाहेर काढायला लावल्या. आधीच्या पिंपांतून काढून भरून ठेवलेल्या पिवळ्या वाइनच्या चाळीस बाटल्या. पेले भरले, सगळे खुश. बार्नाबेनेही एक घोट घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती वाइन आवडली. अक्रोड, मध, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ रेंगाळणारं काहीतरी. त्याने बाटली उचलून पाहिली. तिचं बूच नुसतं टेकवलेलं होतं. दुसरी पाहिली, तिचंही. चाळीसच्या चाळीस बाटल्या कालच उघडून वाऱ्याला ठेवल्या होत्या.

काल. जेव्हा, सगळ्या गावाच्या समजुतीप्रमाणे, अपोलीनचं पिंप आज उघडायचं होतं आणि दुसऱ्या एका बाटलीचीही गरज नव्हती.

अपोलीनच्या तोंडातून दूध ओघळलं, म्हणून बार्नाबे फडकं शोधायला स्वयंपाकघरात गेला. फडक्यांची चळत कपाटावर, घड्याळाच्या शेजारी होती. एक ओढलं तर घड्याळामागून एक पाकीट खाली पडलं. वाइन तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं होतं. त्याने एका हाताने नातीला सावरलं आणि दुसऱ्याने कागद उलगडला. सतरा एप्रिलची तारीख. पिंप क्रमांक सात. पडदा पूर्ण बुडालेला, वाइनचं व्हिनेगर झालेलं, पिण्यास अयोग्य, सुधारण्याची शक्यता नाही. सतरा एप्रिलला बार्नाबेच्या साठ बाटल्या बर्गंडीत शांतपणे आडव्या पडल्या होत्या.

त्याला किल्ली आठवली. मग फाटकापाशी, काच खाली करून आणि वळणावरून तीनदा मिळालेली ताकीद आठवली. पिंपाचं बोलणं पिंपासमोर हेही आठवलं. वर मान केली तर दारात ओदिल उभी होती. ही गोष्ट पुढे तिनेच मला सांगितली, कुणाला सांगू नका म्हणून.

"काय वाचत होतात, व्याहीबुवा?"

बार्नाबेने तिच्याकडे पाहिलं. बाहेर अंगणात आन्सेल्म पाहुण्यांना सांगत होता की नुसत्या वासावरून पिंपात काय घडलंय ते ओळखायला तीस वर्षं लागतात. अपोलीनने आजोबांचं बोट अजून सोडलं नव्हतं.

"कुठलं वाचणं, विहीणबाई," तो म्हणाला. "चष्माच नाही माझ्याकडे."

ओदिल पुढे आली. तिने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, कमरेला बांधलेल्या एप्रनला पुसला आणि त्याच्या खिशात ठेवला. मग कागदाची पहिल्यासारखी घडी करून तो घड्याळामागे सरकवला.

"दर महिन्याला याल तेव्हा मागची खोली तुमची," ती म्हणाली. "खिडकीतून पोरांचं घर दिसतं."

बार्नाबे नातीला घेऊन बाहेर आला. आन्सेल्मने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याचा पेला स्वतःच्या हाताने पुन्हा भरला.

"काय व्याहीबुवा, कळायला लागली का आमची वाइन?"

"पुरती कळली," बार्नाबे म्हणाला, आणि पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला.